वॉशिंग्टनच्या नदीवर पहिल्यांदा गरवायला जाताना: सामन आणि स्टीलहेड

पहिला मासा स्टीलहेडच (समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट) हवा असा हट्ट धरू नका. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेल या भागात राहायला आलेल्या आणि गरवायची हौस असलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. स्टीलहेड थोड्या संख्येने येतो, बहुतेक भर हिवाळ्यात येतो आणि मुरलेल्या माणसांनाही दिवसचे दिवस रिकाम्या हाताने परत पाठवतो. त्याच्यामागे लागून नवखा माणूस थंडीत कुडकुडतो आणि रॉड गॅरेजमध्ये टाकून देतो. आधी सामनवर हात बसवा. सप्टेंबर-ऑक्टोबरातला कोहो ही सामनची जात त्यासाठी उत्तम. वर्ष विषम असेल तर त्याहून सोपी पिंक ही जात. तिथे जे शिकाल ते डिसेंबरात स्टीलहेडसाठी कामी येईल.

मालवण-वेंगुर्ल्याच्या खाडीवर गरी टाकलेल्यांना एक सवय मोडावी लागते. तिकडे जो लागेल तो मासा आपला. इथे लागलेला मासा कोणत्या जातीचा, हॅचरीत (माशांची पिल्लं वाढवून सोडण्याच्या केंद्रात) वाढलेला की रानटी, आणि आज या नदीवर तो ठेवायची परवानगी आहे की नाही, हे तो पाण्यात असतानाच ठरवावं लागतं. म्हणून हा लेख सामानापासून सुरू होत नाही.

कोणता मासा कधी येतो

हे मासे नदीच्या गोट्या-खडीत जन्मतात, समुद्रात जाऊन वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा गोड्या पाण्यात येतात. आपल्याकडे हिलसा असाच समुद्रातून नदीत चढतो. सामनची खासियत अशी की तो बहुधा जन्मलेल्या पाण्याचा वास धरून त्याच ओढ्याशी परततो. पॅसिफिक सामन अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. तो अंडी घालून परत समुद्रात जाऊ शकतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा येऊ शकतो.

वॉशिंग्टनमध्ये सामनच्या पाच जाती आहेत. चिनूक, म्हणजेच किंग, सगळ्यांत मोठा. कोहो किंवा सिल्व्हर साधारण सहा ते बारा पौंडांचा, सप्टेंबरापासून नोव्हेंबरापर्यंत नद्यांत. पिंक तीन ते पाच पौंडांचा. प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटलजवळच्या समुद्राच्या फाट्यात, त्याचे मोठे थवे फक्त विषम वर्षांत येतात, २०२३, २०२५, २०२७ असे, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात किनाऱ्यावरूनही मिळतात. चम नोव्हेंबरात, हूड कनाल या समुद्राच्या फाट्यावरच्या हूड्सपोर्ट हॅचरीसमोर त्यासाठी झुंबड उडते. पाचवा सॉकाय. लेक वॉशिंग्टनवर त्याची हौशी मासेमारी २००६ नंतर उघडलेली नाही, तेव्हा तो जुलैत सिएटलमधल्या बॅलर्डच्या लॉक्सवर (बोटी चढवण्या-उतरवण्याच्या पाणदरवाज्यांवर) काचेतून पाहा. हॅचरीचा हिवाळी स्टीलहेड मुख्यतः थँक्सगिव्हिंगपासून (नोव्हेंबरच्या शेवटापासून) जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत येतो, उन्हाळी स्टीलहेड जून-जुलैत.

ओळख आधी, गळ नंतर

सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात एक सकाळ इसाक्वा सामन हॅचरीवर घालवा. गावाच्या मध्यातच आहे, पैसे लागत नाहीत, आणि चिनूक-कोहो हातभर अंतरावर दिसतात. मुलांना न्या. पुस्तकातल्या चित्रावरून मासा ओळखता येतो असं वाटतं, पण पाण्यात वळवळणारा, रंग बदललेला मासा वेगळाच दिसतो.

पुढच्या खुणा पाठ करा. चिनूकच्या खालच्या हिरड्या काळ्या आणि ठिपके शेपटीच्या दोन्ही फाट्यांवर. कोहोच्या हिरडीची कड पांढरी आणि ठिपके असलेच तर शेपटीच्या वरच्या फाट्यावर. पिंकच्या पाठीवर आणि सगळ्या शेपटीवर मोठे लांबट-गोल ठिपके, खवले अगदी बारीक. नदीत आल्यावर नराच्या पाठीला कुबड येतं. चमला ठळक ठिपके नसतात, नदीत त्याच्या अंगावर जांभळट उभे पट्टे उमटतात. स्टीलहेडचं तोंड आतून पांढरं, शेपूट जवळजवळ सरळ कापलेली आणि तिच्यावर ओळीने ठिपके. शेपटीजवळचा पोटाखालचा पर सामनमध्ये लांबट असतो, स्टीलहेडमध्ये आखूड. समुद्राशी जोडलेल्या नद्यांत वीस इंचांपेक्षा मोठा रेनबो ट्राउट नियमाने स्टीलहेड धरला जातो.

आता सगळ्यांत महत्त्वाची खूण. पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा एक मांसल पर असतो, त्याला ॲडिपोज फिन म्हणतात. हॅचरीत बहुतेक पिल्लांचा हा पर कापूनच त्यांना नदीत सोडतात. पर नाही आणि तिथे भरलेला व्रण आहे, तर मासा हॅचरीचा. पर शाबूत असेल तर तो रानटी धरायचा. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून आणि स्टीलहेड २००७ पासून संघराज्याच्या कायद्याखाली धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे. रानटी स्टीलहेड सोडायचा, यात विचार करण्यासारखं काही नाही. कोहोचा नियम नदीनुसार बदलतो: कुठे दोन्ही ठेवता येतात, कुठे फक्त कापलेल्या पराचा.

गोड्या पाण्यात जो सामन किंवा स्टीलहेड सोडायचा आहे तो पाण्यातून पूर्ण बाहेर काढणं वॉशिंग्टनमध्ये बेकायदा आहे. फोटोसाठीसुद्धा. हा नियम मला मनापासून पटतो. दमलेल्या माशाला हवेत धरणं म्हणजे धावून आलेल्याचं नाक दाबणं.

परवाना आणि कार्ड

राज्याच्या मासे व वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर किंवा मोठ्या खेळसाहित्याच्या दुकानात परवाना मिळतो. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. गोड्या पाण्याचा वेगळा, खाऱ्या पाण्याचा वेगळा, दोन्हींचा एकत्रही असतो. पिंकसाठी समुद्रकिनारी आणि कोहोसाठी नदीवर जायचं असेल तर एकत्र घ्या. पंधरा आणि त्याखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण सामन-स्टीलहेडसाठी कॅच रेकॉर्ड कार्ड त्यांनाही लागतं. ठेवायचा मासा हाती आला की लगेच त्या कार्डावर शाईने नोंद करायची. गाडीपाशी गेल्यावर करू, हे चालत नाही.

नियमांची पुस्तिका दर वर्षी निघते, पण हंगामाच्या मध्येच आणीबाणीचे नियम येतात आणि उघडी नदी एका रात्रीत बंद होते. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी संकेतस्थळ बघा. शोधताना नुसतं नदीचं नाव बघू नका, कोणत्या पुलापासून कोणत्या ओढ्यापर्यंत हेही वाचा. दोन मैलांवर नियम वेगळा असू शकतो.

सामान: थोडं आणि नीट

एकच रॉड घ्यायचा तर साडेआठ ते नऊ फुटांचा, आठ ते सतरा पौंड दोरीसाठी बनवलेला स्पिनिंग रॉड. त्याला तीन किंवा चार हजार आकाराचं रील, तीस पौंडांची ब्रेडेड दोरी. पुढे लीडर म्हणून साधा मोनो किंवा फ्लुरोकार्बन तंगूस: कोहोला पंधरा ते वीस पौंड, स्टीलहेडला दहा ते बारा. पॅलोमार ही एक गाठ आणि दोन दोऱ्या जोडायला डबल युनी, एवढ्या दोन घरी सोफ्यावर बसून डोळे मिटून बांधता येईपर्यंत घोटा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाने तंगूस तिथेच कमजोर होतो.

पैसे उरले तर ते पोलराइज्ड चष्म्यावर घाला. पाण्यावरची चकाकी गेली की तळ दिसतो, खड्डे दिसतात, कधी कधी मासेही दिसतात. महाग रॉडपेक्षा हा चष्मा जास्त मासे मिळवून देतो. लांब नाकाची पकड हवी, रबरी जाळीचं हातजाळं हवं. गळाच्या टोकामागचा उलटा काटा, बार्ब, पकडीने दाबून सपाट करा. समुद्रात सामनसाठी आणि बऱ्याच नद्यांत तसा नियमच आहे. नियम नसेल तिथेही करा. मासा सोडायला सोपं जातं आणि गळ आपल्याच बोटात घुसला तर काढायलाही.

नदी वाचणं

नवखा माणूस काठावर येतो आणि जितकं लांब टाकता येईल तितकं टाकतो. पण मासा बऱ्याचदा पायाशीच असतो.

नदी एकसारखी वाहत नाही. वर खळाळ असतो, तो खाली डोहात उतरतो, आणि डोहाच्या शेवटी पाणी पुन्हा उथळ होत पुढच्या खळाळात शिरतं. प्रवासाला निघालेला मासा खळाळ चढून येतो आणि दमला की पहिल्या आरामाच्या जागी थांबतो. ती जागा म्हणजे डोहाची खालची कड, मोठ्या धोंड्याची पाठ, किंवा वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं ती शिवण. ही शिवण फेसाच्या, बुडबुड्यांच्या ओळीवरून दिसते.

स्टीलहेडला चालत्या माणसाच्या वेगाचं, तीन ते सहा फूट खोल पाणी आवडतं. काठावर उभे राहून पाण्यावरचं पान बघा आणि त्याच्याबरोबर चाला. रमतगमत चालता आलं तर पाणी योग्य. कोहोला याहून संथ पाणी लागतं: काठाजवळचा जवळजवळ थांबलेला भाग, पडलेल्या झाडाची सावली, भोवऱ्याची आतली बाजू. लोक जे पाणी मेलेलं म्हणून सोडून देतात तिथे कोहो थव्याने पडून असतात. मधूनच एखादा उसळी मारतो, ती बघून जागा धरा.

पाण्याची स्थिती याहून महत्त्वाची. मोठा पाऊस झाला की कॅस्केड पर्वतातून येणाऱ्या नद्या चॉकलेटी होतात, तेव्हा घरी बसा. नंतर पाणी उतरायला लागतं, गढूळपणा जातो, रंग हिरवट होतो आणि तीन-चार फूट खोल दिसू लागतं. तो दिवस रजा टाकण्याचा. यूएसजीएस या संस्थेची प्रवाहमापन केंद्रं जवळजवळ प्रत्येक मोठ्या नदीवर आहेत आणि त्यांचा आलेख फोनवर दिसतो. आकड्यापेक्षा आलेखाची दिशा बघा: चढून उतरणारी रेषा चांगली, चढती रेषा वाईट. सगळ्या नद्या गढूळ असताना दक्षिणेकडची काउलिट्झ अनेकदा मासेमारीच्या लायकीची असते, कारण तिच्यावर धरणं आहेत आणि पाणी नियंत्रित सोडलं जातं.

जागा निवडताना वासाची गोष्ट आठवा. हॅचरीत वाढलेला मासा हॅचरीच्याच पाण्याकडे येतो. म्हणून पहिल्या वर्षी तिथेच जा: स्नोक्वाल्मी नदीवर फॉल सिटीजवळ टोकुल ओढ्याचं मुख, स्कायकोमिशवर गोल्ड बारजवळची रायटर तळी, काउलिट्झवर ब्लू क्रीक. स्टीलहेडसाठी या तिन्ही जागा जुन्या आणि माहितीच्या आहेत. गर्दी असते, पण हॅचरीचा मासाही तिथेच असतो, आणि शेजाऱ्याच्या हाताकडे बघून जे शिकाल ते कुठल्या व्हिडिओत मिळत नाही.

गळ टाकायची पद्धत

नदीत शिरलेला सामन जवळजवळ खाणं सोडतो. तो चावतो ते चिडून, सवयीने किंवा समोरून काही सळसळत गेलं म्हणून. त्यामुळे आमिष त्याच्या तोंडासमोरून, त्याच्या खोलीवरून जायला हवं. बाकी सगळी पद्धत यातूनच निघते.

पिंकसाठी नदीवर जायचीही गरज नाही. वेस्ट सिएटलच्या लिंकन पार्कच्या किनाऱ्यावर ऑगस्टात पहाटे लोक रांगेने उभे असतात. गुलाबी बझ बॉम्ब (एक धातूचं बनावट आमिष) किंवा छोटा गुलाबी जिग (वजनदार डोक्याचा सजवलेला गळ) टाकायचा, थोडा बुडू द्यायचा, रॉड हळूच उचलत आणि सोडत आणायचा. रंग गुलाबीच ठेवा. हळू आणा, नवखे घाईत असतात.

कोहोसाठी ट्विचिंग शिका. तीन अष्टमांश किंवा अर्ध्या औंसाचा, पिसांचा जिग संथ पाण्यात टाका, तळाकडे जाऊ द्या, मग मनगटाने रॉडचं टोक झटकन फूटभर वर न्या आणि लगेच खाली आणताना ढिली दोरी गुंडाळा. कोहो बहुधा जिग खाली पडत असताना घेतो. तेव्हा झटका बसत नाही, दोरी नुसती थांबते किंवा बाजूला सरकते. संशय आला की ओढा. काळा, जांभळा, गुलाबी हे रंग बरोबर असू द्या. उजाडतानाचा पहिला तास सोन्याचा, मात्र रात्री मासेमारी बंद असलेल्या नदीवर वेळ तपासून मगच पहिला गळ टाका.

स्टीलहेडसाठी फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या बोंड्याखाली) जिग ही नवख्याला सर्वांत सोपी पद्धत. एक अष्टमांश किंवा पाव औंसाचा जिग, वर तितकंच वजन पेलणारा फ्लोट, मध्ये खोली बदलता येईल अशी गाठ. जिग तळापासून फूट-दीड फूट वर तरंगला पाहिजे. फ्लोट सारखा अडखळत असेल तर खोली कमी करा. कधीच अडखळत नसेल तर वाढवा. फ्लोट प्रवाहाच्याच वेगाने जावा म्हणून फ्लोट आणि रॉडच्या मधली दोरी पाण्यावरून उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकत राहा. फ्लोट बुडाला की ढिली दोरी गुंडाळत रॉड उचला. तळाला लागलंय की मासा आहे, याचा विचार करत बसू नका.

एक गोष्ट करू नका. गर्दीच्या जागी काहीजण लांब लीडर प्रवाहात ओढत माशाच्या अंगात गळ अडकवतात. ते बेकायदा आहे आणि माशाचे हाल करणारं आहे. गळ तोंडाच्या आत लागला नसेल तर मासा सोडायचा, एवढं पक्कं धरा.

काठावरची रीत

आलात की दोन मिनिटं उभे राहून रांगेची लय बघा. शेजारी टाकतो, त्याचा फ्लोट खाली जातो, मग तुम्ही टाकायचं. वरच्या अंगाला उभ्या असलेल्याच्या दोरीवर आपली दोरी टाकू नका. कोणी "फिश ऑन" ओरडलं की आपली दोरी गुंडाळून घ्या आणि त्याला वाट द्या. दोघांच्या मध्ये जागा दिसली तरी विचारूनच उभे राहा; विचारलं की बहुतेक लोक सरकतात आणि वर दोन गोष्टी शिकवतातही.

नदीत मूळनिवासी जमातींची जाळी दिसली की काही हौशी लोक कुरकुर करतात. त्या सुरात सूर मिसळू नका. १८५४-५५ च्या करारांत या जमातींनी जमीन दिली आणि आपल्या जुन्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क दशकानुदशके नाकारला गेला, आणि १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांतला निम्म्यापर्यंत वाटा त्यांचा आहे असा निकाल दिला. अनेक हॅचऱ्या या जमातीच चालवतात. आपण इथे पाहुणे आहोत, हे मला या जाळ्यांपाशी सर्वांत जास्त जाणवतं.

पाण्यात उतरण्याआधी

डिसेंबरातल्या स्कायकोमिशमध्ये पडलेला माणूस काही मिनिटांतच हातपाय नीट हलवू शकत नाही. वेडर (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) घातलात तर कमरेचा पट्टा आवळूनच, म्हणजे पडल्यावर आत पाणी भरत नाही. फुगणारं लाइफ जॅकेट घ्या. मांडीच्या वर पाणी जाऊ देऊ नका, एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलू नका, आणि पहिल्या हंगामात एकटे जाऊ नका. पोहता येत नसेल तर काठावरूनच गरवा. वर सांगितल्याप्रमाणे मासाही बराच तिथेच असतो. शरद ऋतूत तळाच्या खडीत धुऊन काढल्यासारखे फिकट, स्वच्छ चट्टे दिसतात. त्या खडीखाली अंडी असतात, त्यावर पाय ठेवू नका.

मासा लागल्यावर

रीलचा ड्रॅग (दोरी सुटण्याला अडवणारा ब्रेक) आधीच इतका सैल ठेवा की हाताने जोर लावून ओढल्यावर दोरी सुटेल. मासा पळाला की पळू द्या, पतंगाला ढील देतात तशी द्या, थांबला की गुंडाळा. रॉड वाकलेला राहिला पाहिजे. मासा उसळला की रॉडचं टोक क्षणभर खाली करा, नाहीतर ताठ दोरीवर तो आपटतो आणि दोरी तुटते. रॉड सारखा आकाशाकडे धरण्यापेक्षा बाजूला झुकवून ओढलात तर मासा लवकर वळतो.

जवळ आला की हातजाळ्यात घ्या, पण जाळं पाण्यातच ठेवा. आता खुणा बघा: तोंड, शेपूट, छोटा पर. सोडायचा असेल तर पकडीने गळ काढा, प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून धरा आणि स्वतःच्या जोराने निसटेपर्यंत थांबा. हॅचरीचा स्टीलहेड मात्र नियम परवानगी देत असेल तर ठेवा, तो माणसाने खाण्यासाठीच वाढवलेला आहे. काळवंडलेला, मऊ पडलेला सामन कायद्याने ठेवता येत असला तरी मी सोडतो; त्याचं मांस बेचव असतं आणि त्याचं काम अजून बाकी असतं.

ठेवायचा तर डोक्यावर एकच जोरकस घाव घालून लगेच मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात ठेवा. पिंकच्या बाबतीत हे विशेष पाळा, त्याचं मांस तासाभरात मऊ पडू लागतं. घरी पोहोचेपर्यंत तुकडे करू नका. वाटेत अधिकाऱ्याने थांबवलं तर जात आणि पराचा व्रण दिसला पाहिजे.

कोहोच्या तुकड्यांना हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून रव्यात घोळवा आणि तळा, पण तेल नेहमीपेक्षा कमी घाला, माशाचं स्वतःचं सुटतं. मादी असेल तर गाबोळी निघते. इथले लोक ती मिठात मुरवून पुढच्या वेळचं आमिष करतात, मी अर्धी तळतो आणि अर्धी मुरवतो. कच्चा सामन खाऊ नका, त्यात परजीवी असतात. खायचाच असेल तर आधी उणे वीस अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवा. घरचा फ्रीजर बहुधा तेवढा थंड नसतो.

आणि ते कार्ड जपून ठेवा. हंगाम संपल्यावर ३० एप्रिलपर्यंत त्याची नोंद खात्याला कळवायची असते, एकही मासा मिळाला नसला तरी. शून्य लिहिलेली कार्डंही त्यांना हवी असतात, कारण किती लोकांनी किती मासे धरले याचा हिशेब त्यावरूनच मांडला जातो.